ब्रॉयलरच्या खाद्यात ओवा, हळद, लसूण : अँटिबायोटिकची सवय सोडताना

ब्रॉयलरच्या खाद्यात टनामागे थोडे अँटिबायोटिक टाकायचे, ही सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की अनेक शेडवर त्याला कोणी औषध समजतच नाही. प्रीमिक्स, टॉनिक, ग्रोथ प्रमोटर अशा नावांनी पुडी येते आणि मका, सोयापेंडीबरोबर मिक्सरमध्ये जाते. आजार नाही, लक्षण नाही, तरी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कोंबडी रोज थोडे थोडे अँटिबायोटिक खाते. हे थांबवायला हवे, आणि थांबवता येते. पण 'पुडी बंद करा, हळद सुरू करा' इतके ते सोपे नाही. एक पांढरी पावडर काढून तिच्या जागी पिवळी टाकली आणि काम झाले, असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून आधी सावध राहा.

मुळात ही सवय लागली कशी? १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की क्लोरटेट्रासायक्लिन तयार करून उरलेला चोथा खाणारी पिल्ले जास्त वेगाने वाढतात. तिथून हे लोण जगभर गेले. कमी मात्रेतले अँटिबायोटिक आतड्यातील जिवाणूंची गर्दी कमी करते, आतड्याची सूज उतरते आणि खाल्लेले जास्त अंगी लागते. पण याच कमी मात्रेत दुबळे जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. हे चिवट जिवाणू लिटरमधून, कोंबडीखतातून, कामगाराच्या हातांतून आणि कत्तलीच्या वेळी मांसावरून माणसापर्यंत येतात. दवाखान्यात जे औषध शेवटचा आधार म्हणून राखून ठेवतात, ते आपण खाद्यात वाटत होतो. कोलिस्टिन हे त्याचे उदाहरण. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये पशुपालन, कुक्कुटपालन, मत्स्यपालन आणि पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याआधी २०१४ साली दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले होते. त्यांतल्या ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अवशेष सापडले.

युरोपीय संघाने वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकवर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी आणली. डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी तर १९९८ मध्येच ती स्वतःहून बंद केली. त्यांचा अनुभव आपल्या शेतकऱ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. किलोभर वजनाला लागणारे खाद्य, म्हणजे एफसीआर, तिथे अगदी किंचित वाढले, साधारण १.८२ वरून १.८४, आणि मरतुक वाढली नाही. म्हणजे ज्या पुडीशिवाय धंदा बुडेल असे वाटत होते, ती गेल्यावर एफसीआरमध्ये दोन पॉइंटांचा फरक पडला. मात्र तिथली शेड कोरडी, पाणी स्वच्छ आणि दोन बॅचमधली साफसफाई कडक. आपल्याकडे प्रश्न इथेच येतो.

पुडी काय झाकत होती

ओले लिटर, निप्पलच्या पाइपातला बुळबुळीत थर, पावसाळ्यात बुरशी धरलेला मका, जागेपेक्षा जास्त पिल्ले या सगळ्यांची किंमत आतडे मोजते आणि अँटिबायोटिक ती किंमत लपवते. पुडी काढली की हे सारे एकदम वर येते आणि दोष मात्र हळदीला लागतो. म्हणून वनस्पतींकडे वळण्याआधीची तयारी सांगतो.

पाण्यापासून सुरुवात करा. बॅच गेल्यावर पाइपलाइन आतून धुऊन घ्या. पिण्याच्या पाण्यात शेवटच्या निप्पललाही ३ ते ५ पीपीएम क्लोरिन मिळते का, ते साध्या पट्टीने तपासा. टाकीजवळ क्लोरिन असणे आणि शेडच्या टोकाला असणे यांत फार फरक असतो. पाण्यातून लस देताना मात्र क्लोरिन आधी बंद ठेवायचे, हे तुम्हाला माहीत आहेच. लिटरचा तूस मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर तो सुटला पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, आणि जिथे ओल तिथे रक्ती हगवणीची अंडी पिकतात. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर अमोनिया २५ पीपीएमच्या बराच पुढे गेलेला असतो. पहिल्या दिवशी पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३३ अंश तापमान हवे. चोवीस तासांनी पिल्लांच्या अन्नपिशव्या हाताला भरलेल्या लागल्या पाहिजेत. पहिला आठवडा बिघडला की तो पुढे कोणत्याही पावडरीने भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट, जी घाईत हमखास चुकते. खाद्यात दोन वेगळी औषधे असतात: एक वाढीसाठीचे अँटिबायोटिक आणि दुसरे रक्ती हगवण रोखणारे, म्हणजे सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन यांसारखे. 'औषधमुक्त' होण्याच्या उत्साहात दोन्ही एकदम काढू नका. रक्ती हगवणीने आतड्याचे अस्तर फाटले की तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू शिरतो आणि आतडे सडवतो. आधी वाढीचे अँटिबायोटिक काढा, दोन-तीन बॅच स्थिर होऊ द्या. रक्ती हगवणीच्या औषधाचा विचार नंतर, तोही पशुवैद्यकाला विचारून.

कोणती वनस्पती, का आणि किती

यादी मोठी आहे, पण माझ्या मते ब्रॉयलरच्या आतड्यासाठी सगळ्यांत भरवशाचा गट ओव्याचा. ओव्यात थायमॉल असते. त्याचाच भाऊबंद कार्व्हाक्रोल ओरेगानोत असतो. बाजारातील बऱ्याच परदेशी उत्पादनांचा पाया हाच आहे. हे दोन्ही घटक जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याला भोके पाडतात आणि आतला रस बाहेर झिरपतो. शिवाय त्यांनी पाचकरस सुटायला मदत होते.

आता हिशेब पाहा. चांगल्या ओव्यात २ ते ४ टक्के तेल असते आणि त्या तेलात साधारण ३५ ते ६० टक्के थायमॉल. टनाला ५ किलो ओव्याची पूड टाकली, तेल ३ टक्के आणि त्यात निम्मे थायमॉल धरले, तर टनात ७५ ग्रॅम थायमॉल गेले, म्हणजे ७५ पीपीएम. प्रयोगांत सहसा १०० ते २०० पीपीएमची मात्रा वापरतात. म्हणजे ५ किलो ताजा, वासाचा ओवा टाकला तरी आपण खालच्या काठावरच असतो. तोच ओवा दोन वर्षे गोदामात पडलेला असेल, किंवा तेल काढून घेतलेला चोथा दळून पूड म्हणून विकला जात असेल, तर टनाला १० किलो टाकूनही कोंबडीच्या पोटात फक्त भुसा जातो. पूड घेताना चिमूटभर तळहातावर चोळा आणि नाकाशी धरा. ओव्याचा झणका नाकात गेला नाही तर ते पोते परत पाठवा.

हळदीवर आपला जीव आहे, आणि तो असायलाही हवा. सांगली, वसमत, वायगाव ही नावे आपल्या घरची. हळदीतला कर्क्युमिन सूज उतरवतो आणि यकृताला आधार देतो. तो रक्तात फारसा शोषला जात नाही ही त्याची उणीव म्हणून सांगतात, पण आपल्याला काम आतड्यातच करून घ्यायचे असल्याने ती इथे तितकी आड येत नाही. टनाला ५ किलोपासून सुरुवात करावी. १० किलोच्या वर गेलात तर खाद्य खाणे कमी होण्याचा धोका असतो. जिवाणूंवर हळदीचा मारा ओव्याइतका थेट नाही. तिचे बळ सूज कमी करण्यात आहे, हे लक्षात ठेवून तिच्याकडून अपेक्षा ठेवा. आणि फार चमकदार पिवळी, स्वस्त पूड घेऊ नका. रंग खुलवण्यासाठी काही ठिकाणी हळदीत लेड क्रोमेट मिसळतात. त्यातले शिसे कोंबडीच्या यकृतात आणि पुढे खाणाऱ्याच्या पोटात जाते. शक्यतो हळकुंडे घेऊन स्वतः दळून घ्या.

लसणाची गंमत वेगळी आहे. अखंड पाकळीत अ‍ॅलिसिन हे लसणाचे मुख्य गुणकारी द्रव्य जवळजवळ नसतेच. पाकळी ठेचली की आतले दोन घटक एकत्र येऊन ते तयार होते आणि तितक्याच लवकर मोडूनही जाते. त्यामुळे सकाळी ठेचून संध्याकाळपर्यंत ठेवलेल्या लसणाचा उपयोग थोडा. ताजी पेस्ट खाद्यात मिसळली तर खाद्य ओले होऊन आंबते. कमी तापमानाला वाळवलेली पूड वापरा आणि मात्रा हात राखून ठेवा, कारण जास्त झाली की मांसाला वास उतरतो. शेवटच्या आठवड्यात लसूण बंद ठेवणे बरे.

दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतील युजेनॉल प्रयोगशाळेत जिवाणूंवर जोरात चालतात, पण पूड म्हणून टनाच्या हिशेबात परवडत नाहीत. ते तेल किंवा तयार मिश्रणातूनच घ्यावेत. भुईआवळा, माका, कुटकी ही यकृताची औषधे आहेत. पावसाळी मक्याच्या दिवसांत त्यांचा उपयोग होतो, पण अफ्लाटॉक्सिनवरचा पहिला उपाय कोरडा मका हाच आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आवळा आणि तुळस ताण कमी करायला चांगली. कडुनिंब कडू असल्याने त्याची मात्रा जरा वाढली तरी पक्षी खाद्य सोडतात. शेवग्याची पाने ही औषधापेक्षा खाद्य म्हणून मोलाची. मिरे दुसऱ्या घटकांचे शोषण वाढवतात. त्यातला हाच गुण औषधांनाही लागू पडतो, म्हणून उपचार चालू असताना खाद्यात मिरे असल्यास पशुवैद्यकाला आधी सांगा.

अनेक शेतकरी ओवा, तुळस, लसूण, गूळ असा काढा करून पाण्यातून देतात. भावना चांगली, पण पद्धत बदलायला हवी. काढा तासभर उकळत ठेवला की शेडभर वास सुटतो. तो वास म्हणजे उडून चाललेले औषध. थायमॉल आणि युजेनॉल वाफेबरोबर निघून जातात आणि भांड्यात रंगीत पाणी उरते. त्यातला गूळ निप्पलच्या पाइपात थर धरायला मदत करतो, तोच थर जो आपण धुऊन काढला होता. काढा द्यायचाच असेल तर उकळलेले पाणी खाली उतरवून त्यात जिन्नस टाका आणि झाकून ठेवा. निवल्यावर गाळून घ्या, भांड्यातून द्या, निप्पललाइनमधून नको. गूळ वगळा.

पूड की तेल

स्वतः खाद्य मिसळणाऱ्याला दोन रस्ते आहेत. घरची पूड स्वस्त वाटते, पण तिच्यातला गुण दर पोत्याला बदलतो. वाण, जमीन, काढणीची वेळ, साठवण या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. तयार तेलाधारित उत्पादनाची मात्रा टनाला शंभर ते पाचशे ग्रॅम असते आणि त्यातला घटक मोजलेला असतो. खाद्य पेलेट स्वरूपात बनत असेल तर ८० अंशांच्या वरच्या उष्णतेत साधे तेल उडते. तिथे आवरण घातलेले, म्हणजे एनकॅप्स्युलेटेड उत्पादन लागते. आवरणामुळे तेल जठरातच संपत नाही, खालच्या आतड्यापर्यंत पोचते. पिशवीवर मुख्य घटकाचे नाव आणि टक्केवारी छापलेली नसेल तर ते घेऊ नका. '२१ जडीबुटींचे मिश्रण' हे वाक्य वाचून काहीच कळत नाही. पहिल्याच बॅचमध्ये चमत्कार करणाऱ्या 'हर्बल' पावडरीची तर जरूर तपासणी करून घ्या. वनस्पतीचा गुण सहसा इतका भडक नसतो, आणि पावडरीत न छापलेले अँटिबायोटिक असेल तर मांसाच्या तपासणीत तुमचे नाव येईल, विक्रेत्याचे नाही.

मिसळताना पाचशे ग्रॅमची पिशवी थेट टनभर खाद्यावर रिकामी करू नका. आधी दहा-पंधरा किलो मक्याच्या भरड्यात ती नीट कालवा, मग ते मिश्रण मिक्सरमध्ये सोडा. पुडीचा ओलावा १० टक्क्यांच्या आत असावा, पोती भिंतीपासून दूर आणि लाकडी फळीवर ठेवावीत. वनौषधीच्या पुडीलाही बुरशी लागते, हे विसरले जाते.

पैशाचा हिशेब

समजा एका पक्ष्याचे सरासरी वजन २.२ किलो आणि एफसीआर १.६. म्हणजे पक्षी साधारण ३.५ किलो खाद्य खातो. खाद्य ४० रुपये किलो धरा. हळद १५० रुपये किलोची आणि टनाला ५ किलो, तर टनामागे ७५० रुपये, म्हणजे पक्ष्यामागे सुमारे २ रुपये ६२ पैसे. हा खर्च नुसता भरून निघायला एफसीआर तीन पॉइंटांनी सुधारला पाहिजे, कारण तीन पॉइंट म्हणजे पक्ष्यामागे ६६ ग्रॅम खाद्य, २ रुपये ६४ पैशांचे. म्हणजे पूर्ण ४० दिवस हळद चारून तीन पॉइंट मिळवले तरी हातात काही पडत नाही. याउलट ४०० रुपये किलोचे तेलाधारित उत्पादन टनाला ५०० ग्रॅम दिले तर पक्ष्यामागे ७० पैसे पडतात. एका पॉइंटाच्या सुधारणेतही तो खर्च निघतो. हे आकडे तुमच्या भागातल्या दराने बदलून पाहा. हिशेब बसत नसेल तर पूड पहिले दहा-बारा दिवस, खाद्य बदलताना आणि लसीकरणानंतरचे दोन-तीन दिवस एवढीच द्या. आतड्यावर ताण येतो तो नेमका याच वेळी.

स्वतःच्या शेडवर पारख

शेजाऱ्याला गुण आला म्हणून तुम्हाला येईलच असे नाही. शेडमध्ये मधोमध जाळी लावा. एकाच हॅचरीची, एकाच दिवशी आलेली पिल्ले दोन्ही बाजूंना सारख्या संख्येने सोडा. एका बाजूला वनस्पतीचे खाद्य, दुसऱ्या बाजूला तेच खाद्य वनस्पतीशिवाय. बाकी लस, पाणी, दिवे, सगळे सारखे. दर आठवड्याला दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तोला. ते निवडून घेऊ नका. कोपऱ्यात जाळीने घेरा आणि घेरात आलेले सगळे तोला, नाहीतर हात आपोआप मोठ्या पक्ष्याकडे जातो. पुढच्या बॅचला बाजू बदला, कारण पश्चिमेची बाजू दुपारी जास्त तापते. शेवटी हा आकडा काढा: जगण्याची टक्केवारी गुणिले सरासरी वजन गुणिले १००, भागिले दिवस गुणिले एफसीआर. ९६ टक्के जगले, वजन २.२ किलो, ३८ दिवस, एफसीआर १.६, तर आकडा येतो ३४७ च्या आसपास. दोन-तीन बॅचमध्ये सातत्याने फरक दिसला तरच ते उत्पादन ठेवा.

वजनाच्या आधी विष्ठा बोलते. संध्याकाळी शेडमध्ये तीन-चार ठिकाणी वर्तमानपत्रे अंथरा आणि तासाभराने पाहा. घट्ट, वर पांढरी टोपी असलेली विष्ठा चांगली. त्यात मक्याचे पिवळे कण जसेच्या तसे दिसत असतील तर पचन होत नाही. नारिंगी, शेंबडासारखे धागे म्हणजे आतड्याचे अस्तर सुटते आहे. भोवती पाण्याचे वर्तुळ पसरलेले असेल तर पाणी, मीठ आणि खाद्य तिन्ही तपासा. दर तीन दिवसांनी मोबाइलवर फोटो काढून तारखेसह ठेवा. एफसीआर बॅच संपल्यावर कळतो. विष्ठेतला बिघाड तेराव्या-चौदाव्या दिवशीच कळतो, आणि तेव्हा काही करता येते.

वनस्पतीचे काम नसते तेव्हा

मानमोडी, गंबोरो यांना लस हेच उत्तर. ओवा किंवा गुळवेल लसीची जागा घेत नाही. ई. कोलायने एका दिवसात मरतुक दुप्पट झाली तर काढ्याची वाट पाहू नका. ताजे मेलेले दोन-तीन पक्षी घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, पुण्यात औंध येथील रोग तपासणी प्रयोगशाळेत किंवा परळ, शिरवळ, नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा. शवविच्छेदन आणि कोणते औषध लागू पडते याची चाचणी करून मगच औषध द्या. योग्य औषध पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस द्या, आणि विक्रीपूर्वी लेबलवर दिलेले थांबण्याचे दिवस पाळा. आजारी पक्ष्याला अँटिबायोटिक देण्यात काही गैर नाही. रोज, निरोगी पक्ष्याला, खाद्यातून देण्यात आहे.

करार पद्धतीने पक्षी सांभाळणाऱ्यांच्या हातात खाद्य नसते, पोती कंपनीची येतात. तुम्ही त्यात स्वतः काही मिसळू नका. करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येईल. पण विचारू शकता. खाद्यात वाढीसाठी कोणते अँटिबायोटिक आहे का, रक्ती हगवणीचे कोणते औषध आहे आणि माल उचलण्यापूर्वी किती दिवस ते बंद होते, हे सुपरवायझरला लेखी विचारा, एकट्याने नाही तर गावातल्या सगळ्या शेडवाल्यांनी मिळून. अशी पत्रे सगळीकडून येऊ लागली की कंपन्यांनाही खाद्य बदलावे लागेल.

स्वतः खाद्य मिसळणाऱ्यांनी येत्या बॅचपासून सुरुवात करा. पिल्ले येण्याआधीच्या रिकाम्या दिवसांत पाइपलाइन धुवा, शेडमध्ये जाळी लावा, निम्म्या खाद्यातून अँटिबायोटिक काढून ओव्याचे प्रमाणित उत्पादन घाला, आणि वजनाची वही पहिल्या दिवसापासून लिहा.